खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीतील परोपजीवींचा उपद्रव व त्याचा बंदोबस्त

भात, आंबा, नारळ यांविषयी माहिती देणाऱ्या पत्रिकेत काचेच्या टाकीतील माशांचा विषय पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु किनाऱ्यालगतच्या भागांत अलीकडे काही कुटुंबे व बचत गट समुद्रातील शोभेचे मासे, विशेषतः नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा, घरच्या घरी वाढवू लागले आहेत. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने या माशाची पैदास बंदिस्त टाकीत करण्याची पद्धत बसविली असून नवी मुंबईतील ऐरोली येथेही त्याच्या बीजोत्पादनाची सोय झालेली आहे. त्यामुळे समुद्रातून मासा न पकडताही पिल्ले मिळू शकतात. पडवीतील चार टाक्या ही अशा घरची जोडशेतीच होय. दुभत्या जनावराप्रमाणेच तिच्यात घरचा पैसा गुंतलेला असतो, आणि एक रोग वेळीच न ओळखल्यास आठवड्याभरात सर्व टाकी रिकामी होऊ शकते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडे या बाबतीत विचारणा होते तेव्हा त्यांनी काय सांगावे, हे या लेखात दिले आहे.

खाऱ्या पाण्यातील माशांस जडणारे परोपजीवी अनेक आहेत. त्यांपैकी सर्वांत अधिक वेळा आढळणारा म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग उत्पन्न करणारा क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय जीव. जपानमध्ये सिकामा या शास्त्रज्ञाने १९३७ साली या रोगाचे वर्णन केले. पुढे १९५१ साली ब्राउन यांनी या जीवास त्याचे आजचे नाव दिले. न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात या रोगाने वारंवार उपद्रव दिल्यावर निग्रेली व रुजिएरी यांनी त्याचा अभ्यास १९६६ साली प्रसिद्ध केला. मोठ्या मत्स्यालयांनाही ज्याने जेरीस आणले, तो रोग घरच्या टाकीत शिरल्यास टाकीच्या मालकाने स्वतःस फार दोष देण्याचे कारण नाही. मात्र त्याची रीत समजून न घेता औषधे ओतीत राहणे हे निश्चित दोषास्पद आहे.

ही रीत शेतकऱ्यास समजावून सांगणे मुळीच कठीण नाही, कारण तिच्यासारखीच एक गोष्ट तो आपल्या गोठ्यात नित्य पाहतो. गोचीड गाईच्या अंगावर रक्त पिऊन टम्म फुगते व गळून पडते. गाईचे अंग स्वच्छ दिसू लागते. परंतु गळून पडलेली गोचीड भिंतीच्या भेगेत शिरून शेकडो अंडी घालते आणि काही दिवसांनी त्यांतून निघालेली पिल्ले पुन्हा गाईच्या अंगावर चढतात. ज्याने केवळ गाईच्या अंगावरील गोचिडी वेचल्या व गोठ्याकडे पाहिले नाही, त्याचे काम कधीच संपत नाही. टाकीतील ठिपक्यांचेही असेच आहे. मासा ही गाय आणि टाकी हा गोठा, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुढील सर्व उपाययोजना आपोआप कळते.

माशाच्या अंगावर जो पांढरा ठिपका दिसतो तो मिठाच्या किंवा रव्याच्या कणाएवढा असतो. हा परोपजीवी कातडीच्या वर बसलेला नसतो. तो तिच्या वरच्या थराखाली शिरून तेथील पेशींवर पोसला जात असतो, म्हणूनच पाण्यात टाकलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. कल्ल्यांतही तो असाच शिरतो व माशाचा श्वास कोंडतो. अंगावरील ठिपक्यांपेक्षा कल्ल्यांतील न दिसणारे ठिपकेच माशास अधिक घातक ठरतात. तीन ते सात दिवस पोसल्यावर तो मासा सोडून बाहेर पडतो आणि हे बहुधा रात्री, अंधारात घडते. त्यानंतर काही तास तो टाकीच्या तळाशी सरपटतो, वाळूला, दगडाला किंवा काचेला चिकटतो व स्वतःभोवती टणक कोष तयार करतो. या कोषात त्याचे विभाजन होऊन एकापासून दोनशेपर्यंत पिल्ले निर्माण होऊ शकतात. कोष फुटून ही पिल्ले पोहत बाहेर येतात आणि माशाचा शोध घेऊ लागतात. एक ते दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. पहिल्या सहा-आठ तासांनंतरच त्यांची माशास जडण्याची शक्ती पुष्कळ घटलेली असते.

येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, सर्व कोष एकाच वेळी फुटत नाहीत. बहुतेक कोष चार ते आठ दिवसांत फुटतात. काही तीन दिवसांतच फुटतात, तर काही ७२ दिवसांपर्यंत तसेच पडून राहिल्याचे प्रयोगांत आढळले आहे. शेतात पडलेले तणाचे बी एकाच पावसाने सर्व उगवत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे.

यावरून पुष्कळांची फसगत कशी होते हे सहज कळेल. सोमवारी माशावर दहा-बारा ठिपके दिसतात. मालक धावपळ करून दुकानातून एखादी बाटली आणतो व तिच्यातील औषध टाकीत ओततो. गुरुवारी ठिपके नाहीसे होतात. घरात आनंद होतो, औषधाची कीर्ती शेजारी पसरते. वास्तविक त्या औषधाने काहीच केलेले नसते. परोपजीवी पोट भरून आपल्या वेळी खाली उतरलेले असतात एवढेच. पुढील आठवड्यात त्याच माशावर शेकडो ठिपके उमटतात, मासा पाण्याच्या वरच्या थरात येऊन धापा टाकू लागतो व एक-दोन दिवसांत मरतो. ठिपके गेले म्हणजे रोग गेला असे समजू नये. ठिपके गेले याचा अर्थ रोग आता तळाशी आहे, असाच घ्यावा.

उपाय सुरू करण्यापूर्वी रोग कोणता, हे ओळखणे आवश्यक आहे, कारण सर्वांवर एकच उपाय चालत नाही. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात ठिपके सुटे सुटे व मोजता येण्यासारखे असतात. मासा अंग दगडावर घासतो, पर मिटून घेतो, खाणे कमी करतो. याउलट माशाच्या अंगावर पिठूळ किंवा सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसली, मासा उजेड टाळू लागला, पाण्याच्या धारेसमोर तोंड करून जलद श्वास घेऊ लागला, तर तो अॅमिलोओडिनियम नावाच्या दुसऱ्या परोपजीवीचा उपद्रव समजावा. हा फार जलद मारतो. कित्येकदा धूळ डोळ्यांस दिसण्यापूर्वीच कल्ले निकामी होऊन मासे मरतात. त्याच्या एका कोषातून २५६ पर्यंत पिल्ले निघू शकतात. ठिपक्यांच्या रोगात विचार करावयास एक-दोन दिवस मिळतात, येथे मात्र काही तासच मिळतात.

तिसरा प्रकार चपट्या कृमींचा. हे कृमी माशाच्या अंगावर व डोळ्यांवर चिकटतात. ते जवळजवळ पारदर्शक असल्याने सहजासहजी दिसत नाहीत. डोळा धूसर होणे, अंग घासणे, कातडीवर लालसर जखमा होणे ही त्यांची चिन्हे होत. यांची परीक्षा व तात्पुरता उपचार एकाच कृतीने होतो. क्लोरीन नसलेले गोडे पाणी बादलीत घेऊन ते टाकीच्या तापमानाइतके करावे, त्यात हवेचा दगड सोडावा व खाण्याचा सोडा किंचित घालून त्याचा सामू टाकीच्या पाण्याशी मिळता करून घ्यावा. मासा त्यात पाच मिनिटे ठेवल्यास हे कृमी पांढरे पडून गळतात व बादलीच्या तळाशी तिळासारखे दिसतात. मासा फार अस्वस्थ होऊन आडवा पडल्यास तत्काळ बाहेर घ्यावा. मात्र या कृमींची अंडी धाग्यांनी टाकीत चिकटलेली असतात व गोड्या पाण्याच्या स्नानाचा त्यांवर काही परिणाम होत नाही, म्हणून पुढील उपचार तज्ज्ञाच्या सल्ल्याने करावा लागतो. पांढरे ठिपके व सोनेरी धूळ यांवर मात्र गोड्या पाण्याच्या स्नानाने रोग बरा होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

शंका राहिल्यास सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे सर्वांत उत्तम. गावच्या माध्यमिक शाळेत सूक्ष्मदर्शक बहुधा असतो आणि विज्ञानाचे शिक्षक अशा कामी हौसेने मदत करतात. नुकत्याच मेलेल्या किंवा मरणोन्मुख माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर काचपट्टीच्या कडेने हलकेच खरवडून समुद्राच्या पाण्याच्या थेंबात पाहावा. क्रिप्टोकॅरिऑन असल्यास काळसर गोल जीव स्वतःभोवती सावकाश फिरताना दिसतो. मासा मरून पुष्कळ वेळ झाल्यावर परोपजीवी त्यास सोडून जातात, सबब सकाळी मेलेला मासा संध्याकाळी तपासून उपयोग नाही. रत्नागिरीजवळ शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयातही या बाबतीत सल्ला घेता येईल.

आता उपायाकडे वळू. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर घरगुती प्रमाणात सर्वांत सोयीचा, स्वस्त व माशास कमीत कमी त्रास देणारा उपाय म्हणजे मासे दर तीन दिवसांनी स्वच्छ भांड्यात हलविणे हा होय. यास औषध लागत नाही, म्हणून दुकानदार तो सहसा सांगत नाहीत. त्यामागील तत्त्व साधे आहे. मासा एका टबात असताना त्याच्या अंगावरील परोपजीवी खाली उतरून टबाच्या तळाशी कोष करतात. कोष लवकरात लवकर फुटावयास तीन दिवस लागतात. तत्पूर्वीच मासा दुसऱ्या टबात गेलेला असला म्हणजे फुटून निघालेल्या पिल्लांस मासा मिळत नाही. असे तीन-तीन दिवसांच्या अंतराने चार वेळा केले असता बारा दिवसांत माशाच्या अंगावरील सर्व परोपजीवी उतरून जातात आणि नवे चढत नाहीत.

यासाठी चाळीस-पन्नास लिटरचे दोन साधे प्लास्टिकचे टब पुरेत. पूर्वी साबण, फिनेल किंवा कीटकनाशक ठेवलेला टब मुळीच घेऊ नये. टबात वाळू, दगड काही घालू नये. माशास लपावयास प्लास्टिकच्या नळाचा एक तुकडा ठेवावा. नवे खारे पाणी आदल्या दिवशी तयार करून त्याचे तापमान व खारटपणा जुन्या पाण्याशी जुळवून घ्यावा. घनतामापीवर १.०२३ ते १.०२५ हा आकडा ठीक समजावा. मासा जाळीने न धरता प्लास्टिकच्या चाळणीने किंवा भांड्याने अलगद उचलावा, म्हणजे आधीच दुखावलेली कातडी सोलणार नाही. जुन्या टबातील पाणी शक्य तितके कमी बरोबर जावे. हलविण्याची वेळ सकाळची ठेवावी, कारण रात्री उतरलेले परोपजीवी मागेच राहतात. पहिल्या दिवशी आठ वाजता हलविले असल्यास चौथ्या दिवशी साडेसात वाजता हलवावे, नऊ वाजता नव्हे. ७२ तासांची मर्यादा ही या पद्धतीची कणा आहे आणि ज्या घरी ही पद्धत फसते, तेथे बहुधा लग्नकार्य किंवा बाजारचा दिवस मध्ये येऊन एखादी पाळी लांबलेली असते.

रिकामा झालेला टब, हवेचा दगड, नळी, चाळणी, लपण्याचा तुकडा हे सर्व धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवावे. कोरडेपणाने कोष मरतात. कोकणात पावसाळ्यात ऊन कित्येक दिवस मिळत नाही. तेव्हा ही सर्व भांडी ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून, नंतर वास पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने खळबळून, कोरड्या फडक्याने पुसून घरात चुलीच्या उबेस ठेवावीत. हवेचा दगड आतून वाळणे कठीण असते. तो प्रत्येक वेळी नवा घेणेच बरे, त्याची किंमत माशाच्या मानाने काहीच नाही. टबात गाळणयंत्रणा नसल्याने माशाच्या विष्ठेपासून अमोनिया साठतो, यासाठी या बारा दिवसांत खाद्य थोडे द्यावे व उरलेले लगेच काढून टाकावे. अंगावरील सोनेरी धुळीच्या रोगावर मात्र ही पद्धत भरवशाची नाही. त्यास तांब्याचाच उपचार लागतो.

मासे बाहेर काढल्यावर मूळ टाकीचे काय करावयाचे? काहीही नाही, आणि हेच लोकांस सर्वांत जड जाते. टाकी चालू ठेवावी, पंप चालू ठेवावा, कोळंबी, गोगलगाई व समुद्रफूल असल्यास तेथेच राहू द्यावे, कारण हा परोपजीवी माशाखेरीज इतरांवर जगत नाही. एकही मासा मात्र तीत ठेवू नये. एखादा लहानसा, निरोगी दिसणारा मासा पकडण्यास कठीण म्हणून तसाच राहू दिल्यास सर्व श्रम वाया जातात. असे किती दिवस? कोष ७२ दिवसांपर्यंत टिकू शकतात हे वर सांगितलेच आहे. त्यावर थोडी सूट धरून ७६ दिवस मोजावेत. गणेशचतुर्थीस टाकी रिकामी केली, तर त्रिपुरी पौर्णिमा होऊन आणखी आठवडा उलटेपर्यंत तीत मासा सोडावयाचा नाही. एवढा काळ थांबणे शक्य नसेल व टाकीत कोळंबी वगैरे काही नसेल, तर टाकी पूर्ण रिकामी करून, सर्व सामान धुऊन कोरडे ठणठणीत वाळवून नव्याने भरणे हा दुसरा मार्ग आहे. मात्र त्यामुळे गाळणीतील उपयुक्त जिवाणूही मरतात व टाकी पुन्हा मुरण्यास कित्येक आठवडे जातात.

तांब्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे जरूर आहे, कारण शेतकऱ्याच्या घरी मोरचूद असतोच. सुपारीवरील कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण करणाऱ्या बागायतदारास मोरचुदाचे काही भय वाटत नाही, आणि तांब्याने परोपजीवी मरतात हे ऐकिवात आल्यावर चिमूटभर मोरचूद टाकीत टाकण्याचा मोह त्यास होतो. तसे कदापि करू नये. उपचारासाठी पाण्यात दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढेच मोकळे तांबे असावे लागते. मोरचुदात तांबे सुमारे चौथा हिस्सा असते. या हिशेबाने १०० लिटर पाण्यास मोरचूद साधारण ८० मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. बोटांची चिमूट याच्या कित्येक पट भरते. प्रमाण थोडे कमी पडल्यास परोपजीवी मरत नाहीत, थोडे अधिक झाल्यास मासा मरतो, आणि या दोहोंमधील वाट फार अरुंद आहे. म्हणून तांब्याचा उपचार करावयाचाच झाल्यास मत्स्यालयासाठी तयार केलेले औषध, तांबे मोजण्याची चाचणी-पेटी आणि दिवसातून दोन वेळा मोजमाप, या तिन्ही गोष्टी हाताशी असल्याशिवाय हात घालू नये. उपचार तीन आठवडे सलग चालवावा लागतो. तो नेहमी वेगळ्या, उघड्या तळाच्या टाकीतच करावा. प्रवाळाची वाळू व चुनखडीचे दगड तांबे शोषून घेतात, त्यामुळे मूळ टाकीत प्रमाण राखणे अशक्य होते, आणि कोळंबी, गोगलगाई, समुद्रफूल हे तर अत्यल्प तांब्यानेही मरतात. उपचारानंतरचे तांबेमिश्रित पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नये.

बाजारातील इतर उपायांविषयी फार लिहीत नाही. कोळंबीस व समुद्रफुलास यत्किंचितही अपाय न करता केवळ परोपजीवी मारणारे म्हणून जे औषध विकले जाते, त्याकडे मी तरी संशयानेच पाहतो. खाद्यात लसूण मिसळल्याने मासा आवडीने खात असेल तर खुशाल द्यावा, परंतु त्याने हा रोग बरा होत नाही. गोड्या पाण्यातील पांढऱ्या ठिपक्यांवर पाणी तापविण्याचा जो उपाय करतात, तो येथे लागू नाही. ते परोपजीवी निराळे, हे निराळे. पाणी अधिक तापविल्याने त्यातील प्राणवायू मात्र कमी होतो व आधीच धापा टाकणाऱ्या माशाचे हाल वाढतात.

रोग टाकीत येतो तो बहुधा नव्या माशाबरोबर. नवा मासा कितीही तजेलदार दिसला तरी त्यास थेट मूळ टाकीत सोडू नये. वर सांगितलेली बारा दिवसांची पद्धत त्याच्यावर, ठिपके असोत वा नसोत, प्रथमच करावी व त्यानंतर आणखी दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत लक्ष ठेवावे. कित्येकदा असे घडते की जुने मासे ठणठणीत असतात आणि नवा आणलेला मासाच ठिपक्यांनी भरतो. मग दोष नव्या माशाला दिला जातो. परंतु एकदा रोगातून वाचलेल्या माशांत काही महिने टिकणारी अंशतः प्रतिकारशक्ती येते व त्यांच्या कल्ल्यांत थोडे परोपजीवी चिन्हे न दाखविता नांदत असतात. अशा टाकीत नवा मासा म्हणजे त्यांना आयते खाद्यच.

दगड, वाळू, समुद्रफूल, गोगलगाय यांच्याबरोबरही कोष येऊ शकतात. त्यांनाही ७६ दिवस मासा नसलेल्या टाकीत ठेवावे. जिवंत प्रवाळ व समुद्रघोडे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. ते समुद्रातून आणून टाकीत ठेवणे हा गुन्हा आहे, हे कार्यकर्त्यांनी प्रत्येक घरी स्पष्ट सांगावे. टाकीत जन्मलेल्या विदूषक माशास समुद्रफुलाचीही गरज नसते.

समुद्राचे पाणी आणणाऱ्यांनी ते खाडीच्या मुखाजवळून किंवा पावसाळ्यात आणू नये. त्या वेळी ते गढूळ असते व त्याचा खारटपणाही पुष्कळ उतरलेला असतो. इतर वेळी आणलेले पाणीही दाट फडक्यातून गाळून, ब्लिचिंग पावडरने शुद्ध करून व नंतर त्यातील क्लोरीन पूर्णपणे काढून मगच वापरावे. पाणी भरणे व मासे काढणे यांसाठी दर टाकीची चाळणी व नळी निराळी ठेवावी आणि एका टाकीतून हात काढून थेट दुसरीत घालू नये. बचत गटात चार घरी टाक्या असतील तर एका घरची ओली जाळी दुसऱ्या घरी जाणे हाच रोगाचा सर्वांत सोपा रस्ता असतो.

अशा गटाने मासे विकावयाचे असल्यास, ज्या टाकीत गेल्या अडीच महिन्यांत ठिपके दिसले असतील तीतील मासे बारा दिवसांची पद्धत पूर्ण केल्याखेरीज विक्रीस काढू नयेत आणि खरेदीदारास ते तसे सांगावे. प्रत्येक टाकीवर कागद चिकटवून मासा केव्हा आला, कोठून आला, ठिपके केव्हा दिसले, केव्हा हलविला, याच्या तारखा लिहून ठेवाव्यात. कार्यकर्त्याने भेटीस गेल्यावर प्रथम हा कागद पाहावा व मग टाकीकडे वळावे.